पाचवा अर्जदार

माणूस दिवसभर ज्या गोष्टीपासून तोंड चुकवतो, तीच गोष्ट तो संध्याकाळी ताटावर बसून, दरमहा रिचार्ज मारून, डोळ्यांत पाणी आणून पाहतो. हा मानवी स्वभावाचा मूलभूत नियम आहे आणि तो सरकारी नोकरांना शनिवार-रविवारीही लागू आहे.

नवीन जालन्यातल्या एका कार्यालयातला वरिष्ठ लिपिक सोमेश्वर लहाने याला हा नियम पन्नाशी ओलांडल्यावर लागू झाला. (कार्यालयाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही. एकाचं दिलं तर बाकीच्यांना डावलल्यासारखं वाटेल.) जिल्ह्यातल्या फळझाडांच्या रोपवाटिकांना परवाने देणं हे या कार्यालयाचं काम. काम तसं जोखमीचं नाही. रोप आपलं आपण वाढतं, त्याला फक्त परवानगी द्यायची असते. ती मिळेपर्यंत वाढायचं थांबावं, असं रोपावर बंधन घालणारी तरतूद मात्र अद्याप झालेली नाही, आणि या कार्यालयाच्या सगळ्या अडचणी त्यातूनच निघतात.

एका संध्याकाळी बातम्या लावायला म्हणून सोमेश्वरनं रिमोट उचलला आणि मधल्याच एका चॅनलवर त्याचा अंगठा अडकला. पडद्यावर एक टाइप केलेला कागद होता. डावीकडं समास सोडलेला, उजव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, खाली सहीसाठी बरोबर चार बोटं जागा. इतका देखणा कागद त्यानं नोकरीला लागल्यापासून पाहिला नव्हता. घास हातातच राहिला. कागदामागून हळूहळू एक टेबल दिसलं, टेबलामागं माणूस दिसला, आणि तो माणूस चक्क काम करत होता.

मालिकेचं नाव ‘टाचणी’. काळ सन १९६३. स्थळ, मराठवाड्यातल्या कुठल्याशा न सापडणाऱ्या गावची कचेरी. तिथं टाइपरायटर खडखडत, साहेबाची घंटा वाजली की माणसं खरोखर उभी राहत, आणि शाई वाळेपर्यंत सगळे गप्प बसत. हेडक्लार्क भुजंगराव यांच्या डोक्यावर काळी टोपी आणि ओठांवर न हसण्याची कायमस्वरूपी व्यवस्था. बाहेर व्हरांड्यात एक बाक. बाकावर रखमाजी नावाचा म्हातारा, मांडीवर अर्ज घेऊन बसलेला. प्रत्येक भागाच्या शेवटी भुजंगराव रखमाजीचा कागद पुढ्यात ओढत, टाक दौतीत बुडवत, टाक कागदाकडं निघे, व्हायोलिन सुरू होई, आणि एवढ्यात कोणीतरी चहा आणे. भाग संपला.

असं वर्षभर चाललं होतं. रखमाजीचा अर्ज कशाबद्दल आहे हे मालिकेत अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. (प्रेक्षकांपैकीही कोणी विचारलेलं नव्हतं. बाकावरच्या माणसाला काय हवंय, यावाचून कथानकाचं काही अडत नाही.)

पहिल्या पंधरवड्यात सोमेश्वर फक्त पाहत होता. मग तो भुजंगरावांशी बोलू लागला. “अरे कर ना बाबा सही,” असं तो हातातली भाकरी टीव्हीकडं उगारून म्हणे. “म्हातारा माणूस हाय, जीव जाईल त्याचा.” त्याची बायको शीतल पहिल्यांदा हसली, मग तिनं वाढणं थांबवून नवऱ्याकडं नीट पाहिलं.

“दिवसभर हापिसात बसून हापिस न्हाई बघत,” ती म्हणाली, “आन घरी येऊन हापिस बघून राह्यलेत.”

सोमेश्वरनं हे मनाला लावून घेतलं नाही. पण ते बरोबर आहे हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आवाज वाढवला.

व्यसनाची पुढची लक्षणं क्रमानं सांगितली पाहिजेत, म्हणजे घराघरांत वेळीच ओळखता येतील. आधी त्यानं टेबलावर घंटी आणली. शिपाई कडूबानं ती पहिल्यांदा वाजल्यावर बाहेर जाऊन कुल्फीवाला शोधला. मग सोमेश्वरनं काळ्या शाईचं पेन घेतलं. मग ‘पाठवून द्या’च्या जागी ‘हजर करा’ म्हणायला लागला. स्टेपलर कपाटात गेला आणि टाचण्यांची डबी बाहेर आली. डबी आल्यावर बोटाला टोचणं आलं, आणि टोचलेलं बोट तोंडात धरून खिडकीबाहेर पाहणंही आलं, कारण भुजंगरावही तसंच करत. काम मात्र पूर्वीइतकंच होत होतं. त्यात घट झाल्याचा आरोप कोणालाही सिद्ध करता आला नसता, कारण तुलनेला मूळ आकडा उपलब्ध नव्हता.

कार्यालयात एकूण अकरा माणसं. त्यातली नऊ ‘टाचणी’ पाहत. उरलेली दोन पाहत नसत, पण कालच्या भागात काय झालं ते नवांपेक्षा चांगलं सांगत. सकाळी साडेअकराला पुनर्प्रक्षेपण असे. त्या वेळात काउंटरवर ‘सर्व्हर डाऊन’ अशी पाटी लागे आणि सगळे सोमेश्वरच्या मोबाइलभोवती जमत. ते नुसते पाहत नसत, तांत्रिक छाननी करत. कनिष्ठ लिपिक कल्याण या पोराचं निरीक्षण तर तीक्ष्ण. एका भागात कागदाला भोक उजव्या बाजूनं पाडलेलं त्याच्या नजरेनं टिपलं, तेव्हा दुपारपर्यंत कोणाचं मन कामात नव्हतं. शासनमान्य भोक डावीकडं असतं.

शेवटी सोमेश्वरनं चॅनलला पत्र लिहिलं. विषय: अर्जदार रखमाजी यांचे प्रलंबित प्रकरणाबाबत. मजकुरात त्यानं दप्तर दिरंगाईचा उल्लेख केला, भुजंगरावांकडून खुलासा मागवावा असं सुचवलं, आणि सवयीनं खाली कार्यालयाचा शिक्का मारला. उलटटपाली उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. त्या वाक्यानं सोमेश्वर भारावून गेला. इतकं गोड आणि इतकं निरुपयोगी उत्तर त्याच्या कार्यालयाला आजवर जमलं नव्हतं. त्यानं ते उतरवून घेतलं, पत्राची आपल्याकडची स्थळप्रत जपून ठेवली आणि वाट पाहायला लागला.

आता या कार्यालयाची एक जुनी रीत सांगणं भाग आहे. इथं साहेबांच्या टेबलावर परवान्याची प्रकरणं एकेकटी जात नाहीत. पाच झाली की त्यांचा गठ्ठा बांधायचा आणि मगच आत न्यायचा. फार पूर्वी एका साहेबांच्या खोलीत कूलर होता. सारखं दार उघडल्यानं गारवा बाहेर जातो म्हणून ते वैतागून म्हणाले होते की पाच-पाच आणत जा. साहेब बदलून गेले, मग वारले. कूलर भंगारात गेला, एसी आला, मग कागदाबरोबर काम ऑनलाइनही झालं. गठ्ठा पाचाचाच राहिला. कल्याण हल्ली संगणकावर पाच प्रकरणं जमेपर्यंत ‘पुढे पाठवा’चं बटण दाबत नाही. याबाबत कुठलाही लेखी आदेश नाही. आणि आदेशच नसल्यामुळं तो रद्द करण्याचीही सोय नाही.

त्या पावसाळ्यात परवाना नूतनीकरणाचे अर्ज चारच आले.

चौथा अर्ज भोकरदनकडच्या धावडा गावच्या पुष्पाबाई बोराडे यांचा. त्यांची मोसंबीची रोपवाटिका. कल्याण जाऊन पाहणी करून आला होता, अहवाल उत्तम होता, सोमेश्वरची शिफारस लिहून तयार होती. एवढंच की प्रकरणं चार होती. पाऊस पडून गेलेला, शेतकरी खड्डे खणून बसलेले, आणि परवान्याचा कागद नसेल तर गिऱ्हाईक पुष्पाबाईंच्या दारातून रोपं न घेताच परत जाई. त्या दर सोमवारी भोकरदनहून बसनं येत, बाहेरच्या बाकावर बसत. सोमेश्वर त्यांना सांगे की मावशी, चार झालेत, एक येऊ द्या, लगेच करतो. असं सांगताना त्याचा आवाज इतका मायाळू असे की पहिल्या दोन सोमवारी पुष्पाबाई समाधानानं परत गेल्या.

तिसऱ्या सोमवारी त्या एक रोप घेऊनच आल्या. काळ्या पिशवीतलं, हातभर उंचीचं. ते त्यांनी सोमेश्वरच्या टेबलावर आडवं केलं. पिशवीच्या बुडातून मुळ्या बाहेर आल्या होत्या.

“पिशवी फाडून खाली जमिनीत चालल्यात, साहेब,” त्या म्हणाल्या. “आता उचलायला गेलं का मुळी तुटती. अजून पंधरा दिवस ठिवले तर एक बी रोप जागचं हलणार न्हाई. वर्साची मेहनत हाय.”

सोमेश्वरनं रोपाकडं पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटलं. तो म्हणाला, “मावशी, माझ्या हातात असतं तर बिलकुल थांबवलं नसतं. पाचवाच कोणी येईना झालाय.” आणि त्यानं घड्याळ पाहिलं, कारण साडेअकरा वाजत आले होते.

पाटी लागली. माणसं जमली. पुष्पाबाईंना बाहेर जा म्हणायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, म्हणून त्याही सोमेश्वरच्या खांद्यामागं उभ्या राहिल्या. त्या दिवशीचा भाग फार जड होता. व्हरांड्यात ऊन सरकत रखमाजीच्या पायांवर आलं, म्हाताऱ्यानं पाय जवळ घेतले, आणि आत भुजंगरावांनी टाक उचलला. व्हायोलिन वाजलं. मग चहा आला. कल्याणनं मान फिरवली. सोमेश्वरच्या चष्म्याच्या काचा धूसर झाल्या. त्यानं रुमाल काढला.

“रडू नका, भाऊ,” मागून पुष्पाबाई म्हणाल्या. “त्याला बसायचा पगार भेटतो.”

कल्याणनं मोबाइलचा आवाज बंद केला.

“मी बी बसूनच हाय की तीन सोमवार. माझ्यामागं कोणी बाजा वाजवत न्हाई, म्हणून दिसून न्हाई राह्यले का मी?”

सोमेश्वरनं चष्मा पुसला, घातला आणि मग त्याला दुसरं काय बघावं ते कळेना, म्हणून त्यानं टेबलावरच्या मुळ्या पाहिल्या. पुष्पाबाई आता रागात नव्हत्या. त्या बाजारात भाव ठरवताना बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, “तुमाला पाचवा पाहिजे ना? मंग ह्यालाच घ्या की पाचवा. बसलाच हाय तो.”

सगळे हसले. मग हसणं हळूहळू थांबलं आणि कल्याण पेन्सिल कानामागून काढून विचार करू लागला. नियमांच्या दृष्टीनं पाहिलं तर सूचनेत दोष सापडत नव्हता. रखमाजीचा अर्ज प्रलंबित आहे, हे कार्यालयाच्याच शिक्क्याच्या पत्रावरून सिद्ध होत होतं. अर्ज कशाचा आहे हे मालिकेत सांगितलेलं नसल्यामुळं तो रोपवाटिकेचा नाही असं म्हणायला आधार नव्हता. ओळखपत्र नव्हतं, पण सन १९६३ मध्ये ते कोणाकडंच नव्हतं. फोटो हवा होता, तो कल्याणनं मोबाइलवर भाग थांबवून मिळवला. राहण्याचा पत्ता म्हणून ‘बाक’ लिहिलं.

“पण सर,” एकानं शंका काढली, “माणूस खरा न्हाई ना.”

“खरा असल्याचा दाखला आपुन कोणाकडं मागितलाय का आजवर?” कल्याण म्हणाला. “झेरॉक्स मागतो आपुन.”

आता पाळी सोमेश्वरची होती. शिफारस त्याची, सही त्याची, आणि उद्या चौकशी झाली तर निलंबनही त्याचंच. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. त्यानं काळ्या शाईचं पेन उचललं आणि धरून राहिला. इथं एक गोष्ट त्याच्या वतीनं प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, कारण ती त्यानं स्वतः नंतर शीतलजवळ कबूल केली: पुष्पाबाईंच्या रोपांसाठी त्यानं हा धोका पत्करला नसता. वाईट वाटलं असतं, पण पत्करला नसता. त्याच्या डोळ्यांसमोर रखमाजीचे जवळ घेतलेले पाय होते. त्यानं लिहिलं, ‘अर्जदार दीर्घकाळ प्रतीक्षेत असून प्रकरण सहानुभूतीपूर्वक विचारात घेण्यास शिफारस आहे.’ नोकरीत त्यानं लिहिलेली ही पहिलीच टिप्पणी, जी वाचून त्याला स्वतःला गहिवरून आलं.

अर्ज छाननी टेबलाकडून लेखा टेबलाकडं, लेख्याकडून अभिलेखाकडं आणि तिथून परत, असा त्याच दुपारी फिरला. ज्या टेबलांवर कागद मुक्कामाला थांबतो, तिथं तो उभ्या उभ्या निघाला. अभिलेखवाल्या बाईंनी त्याच्यासाठी जेवणाचा डबा अर्धवट ठेवला. कुठं अडलं नाही, कोणी त्रुटी काढली नाही. भोक डावीकडं पाडलं गेलं. पाच प्रकरणं झाली, फीत बांधली, आणि सोमेश्वर गठ्ठा छातीशी धरून साहेबांच्या खोलीत गेला.

अण्णासाहेब जंजाळ हे साहेब शिस्तीचे म्हणून ओळखले जात. म्हणजे ते लवकर कोणाशी बोलत नसत. त्यांनी फीत सोडली. वरच रखमाजी होता, कल्याणनं भक्तिभावानं वर ठेवला होता. साहेबांनी फोटो पाहिला. पान उलटलं. परत फोटो पाहिला. पीएफमधून किती निघतील याचा हिशेब सोमेश्वरच्या डोक्यात आपोआप सुरू झाला.

“लहाने,” साहेब म्हणाले, “हा टाचणीमधला ना?”

“हो, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढून डोळ्यांच्या कडा दाबल्या. “आमच्या घरी आई जेवली न्हाई परवा ह्याच्यापायी,” ते म्हणाले आणि त्यांनी सही केली. मोठी, सावकाश, शेवटी दोन ठिपके देऊन. मग गठ्ठ्यातले बाकीचे चार कागद त्यांनी बोटानं वर केले.

“हे कोण?”

“ते पण बसलेले हायेत, साहेब.”

“कोणत्या मालिकेत?”

“मालिकेत न्हाई. आपल्याच बाकावर.”

“अच्छा. साधेच,” असं म्हणून साहेबांनी त्या चारही सह्या न बघता, चालत्या हाताच्या लयीत करून टाकल्या.

पुष्पाबाईंना परवाना मिळाला. त्या क्षणी काही वाजलं नाही. कडूबा झाडू मारत होता, त्यानं त्यांना पाय उचलायला सांगितलं. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, मागं शिक्का लागत नाही ना हे दोनदा विचारून घेतलं, घडी करून पिशवीत घातला आणि रोप काखेत मारलं. सोमेश्वर दारापर्यंत आला होता. त्याला वाटत होतं की आता त्या काहीतरी म्हणतील, हात जोडतील, निदान वळून पाहतील. त्यानं विचारलं, “वाचतील ना मावशी रोपं?”

“निम्मी,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांच्या मुळ्या तुटायच्या आता उचलताना. जल्दी झालं असतं तर सगळी निघाली असती.” आणि पावणेचारची बस गाठायला त्या निघून गेल्या.

त्यानंतरचा इतिहास शासकीय अहवालात उपलब्ध आहे. रखमाजी यांची रोपवाटिका वार्षिक तपासणीत जिल्ह्यात पहिली आली. तिथं रोग नाही, कीड नाही, ग्राहकाची एकही तक्रार नाही, विजेची थकबाकी नाही. आदर्श रोपवाटिकेसाठी तिच्या नावाची शिफारस गेली आहे. कार्यालयाचा निपटाराही सुधारला. कुठलाही गठ्ठा एकानं कमी पडला की रखमाजीचा अर्ज जोडला जातो. एकदा दोननं कमी पडला तेव्हा भुजंगरावांचाही जोडला, पण त्यांच्या प्रकरणात तिन्ही टेबलांनी त्रुटी काढल्या. रखमाजींच्या नावावर आता निरनिराळे सात परवाने असून इतका पाठपुरावा करणारा दुसरा नागरिक जिल्ह्यात नाही. शेजारच्या जिल्ह्यातून एक पथक ही पद्धत अभ्यासायला येऊन गेलं आणि जेवून गेलं. गठ्ठा चारचाही बांधता येईल, असं मात्र या सगळ्यात कोणालाही सुचलं नाही.

सोमेश्वर अजूनही ‘टाचणी’ पाहतो, पण पूर्वीसारखा रडत नाही. भुजंगरावांनी टाक उचलला की तो टीव्हीकडं पाहून म्हाताऱ्याला समजावतो, की बाबा, तुझं झालंय, घरी जा. शीतल म्हणते की एवढ्या मायेनं तुमी कधी बाकावरच्या माणसाशी बोलले का. तो म्हणतो, वेळ कुठं असतो.

पुष्पाबाईंचं काम झालं हे वाचून ज्या वाचकांना हायसं वाटलं असेल, त्यांचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. निम्मी रोपं गेली याचं ज्यांना वाईट वाटलं, त्यांचंही. पुष्पाबाई या बनवलेल्या आहेत, त्यामुळं आपल्या हळहळीचा त्यांना काही उपयोग नाही. आपण मात्र आता मान वर करावी. समोर कोणीतरी उभं आहे. ते बऱ्याच वेळापासून उभं आहे. ते आलं तेव्हा आपण या कथेच्या दुसऱ्याच परिच्छेदात होतात आणि नजर न उचलता त्याला बोटानं ‘एक मिनिट’ अशी खूण केली होती.